गच्चीवरची चादर

खर्र… खर्र… खर्र.

वीज जाऊन बराच वेळ झाला होता. फ्रिज गप्प, पंखे गप्प, आणि माझी लेक भिंगरी, जी झोपेतसुद्धा बडबडते, तीही कधी नव्हे ती गप्प. त्या शांततेत स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा आपोआप फिरायला लागला. उलटा. बाहेरचं वारं त्याला आत ढकलत होतं. दुधाचं पातेलं हातात तसंच धरून मी त्याच्याकडे बघत राहिले.

"आई, पंखा वेडा झाला," भिंगरी म्हणाली.

"वारं सुटलंय गं."

"मग तो धूर आत का घेतोय?"

मी पातेलं खाली ठेवलं आणि पात्यांमध्ये ओटा पुसायचं फडकं कोंबलं. पंखा कण्हल्यासारखा थांबला.

खरं तर धुराचा वास उजाडल्यापासूनच येत होता. पण आमच्या घरात धुराच्या वासाचं कोणाला काय? नवरा मधमाश्या पाळतो. पेटी उघडायची म्हणजे आधी धूर द्यायचा, म्हणजे माश्या शांत होतात. त्यासाठी भाता लावलेला एक डबा असतो, त्यात वाळका पाला आणि पोत्याचे तुकडे पेटवायचे. त्या डब्याचा वास त्याच्या शर्टाला, उशीला, गाडीच्या सीटला. भिंगरीला सारखा उचलून घेतो म्हणून तिच्या केसांनासुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या वासाने मळमळायचं. आता उलटं झालंय. तो चार दिवस बाहेरगावी गेला की मी त्याचा जुना शर्ट खुंटीवरून काढत नाही. लोक धुराच्या वासाने घराबाहेर धावतात, आमच्याकडे धुराचा वास म्हणजे तो जवळपास आहे. आज सकाळी खिडकी उघडल्यावर वास आला आणि मला नेहमीसारखं बरं वाटलं. मी दूध तापवलं, अंडी उकडली, भिंगरीची वेणी घातली.

शेवटी शेजारचे शिंपीकाका कुंपणाशी येऊन ओरडले, "अहो, पलीकडचं जंगल पेटलंय आणि तुम्ही वेण्या काय घालताय!"

तेव्हा मी बाहेर येऊन वर बघितलं. टेकडीच्या मागे आभाळ तपकिरी झालं होतं. टेकडीवर नवरा होता. फुलोऱ्याचे दिवस, म्हणून आमच्या सगळ्या पेट्या वर माळावर नेऊन ठेवलेल्या. पहाटेच मालवाहू गाडी घेऊन तो वर गेला होता.

फोन लावला. लगेच उचलला त्याने.

"दिसतंय मला," तो म्हणाला. "लांब आहे अजून. पेट्या घेऊनच खाली येतो."

"आत्ता? माश्या तर बाहेर असतील."

"म्हणून तर अडलंय ना. आत्ता दारं लावली तर अर्ध्या बाहेरच राहतील. संध्याकाळी सगळ्या आत आल्या की जाळ्या लावतो, गाडीत चढवतो आणि येतो."

"संध्याकाळपर्यंत आग काय तुझी वाट बघत बसणार आहे?"

"वारं फिरलं नाही तर बसेलही." तो हसला. "घाबरू नकोस गं. तू सामान भर."

सामान भर म्हणणं सोपं असतं. घर भरायचं म्हणजे काय भरायचं? मी कपाट उघडलं आणि भिंगरीचे लोकरीचे मोजे बाहेर काढले. उन्हाळ्यात. मग माझं मलाच कळलं, ते परत आत ठेवले आणि पुन्हा बाहेर काढले. कुठे जायचंय आणि किती दिवस, हे ठाऊक नसलं की हात कशालाही जातो.

भिंगरीने स्वतःची पिशवी स्वतः भरली होती. त्यात एक चमचा, एका चपलेचा तुटका पट्टा आणि टीव्हीचा रिमोट.

"रिमोट कशाला गं, बाई?"

"इथे ठेवला तर आग टीव्ही बघत बसेल. मग जाणारच नाही."

मी रिमोट राहू दिला.

सासूबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. नळाला जेमतेम धार, तरी एकेक वाटी खसाखसा घासून पालथी घालत होत्या. मधूनच खोकत होत्या. त्यांना दमा आहे. डॉक्टर म्हणतात, आयुष्यभर धुराच्या डब्याशी खेळल्यात, आता छाती हिशेब मागतेय. नवरा जे काही शिकला ते त्यांच्याकडून आणि सासऱ्यांकडून.

"अहो आई, भांडी काय घासताय? चला, तुमची औषधं कुठे आहेत ते सांगा."

"खरकटं टाकून घर सोडायचं का? मागाहून कोणी आत आलं तर काय म्हणेल?"

"मागाहून आग येणार आहे, आई. ती नावं ठेवत नाही."

"तुझ्या जिभेला काही हाड?" त्या म्हणाल्या, पण हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातात दम्याचा पंप दिला. त्यांनी दोनदा ओढला आणि डोळे मिटून घेतले.

"चादर टाकलीय मी," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "येईल तो."

आमच्या घरची ही चादर बाहेरच्यांना सांगावी लागते. माळावर फोनला कधी रेंज असते, कधी नसते. असली तरी हातात जाड मोजे, तोंडावर जाळी, अंगावर माश्या. फोन घेणार कोण? म्हणून सासऱ्यांच्या काळापासूनची रीत अशी की घरी बोलवायचं असलं की गच्चीवरच्या दोरीवर पांढरी चादर टाकायची. माळावरून आमची गच्ची स्वच्छ दिसते. चादर दिसली की घरी ये. बस, एवढाच अर्थ. जेवण तयार आहे, पाहुणे आलेत, सिलिंडर संपलाय, सगळ्याला तीच एक चादर. भिंगरीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या, तेव्हा सासूबाईंनी आधी गच्चीवर जाऊन चादर टाकली आणि मग येऊन मला धरलं. मी तेव्हा चिडले होते. पण तो खरंच वेळेवर आला होता.

आज मात्र चादर बघूनही तो आला नव्हता. "आईला सांग, चादर दिसली," एवढं मधे एकदा फोन केला तेव्हा म्हणाला होता. "पण आत्ता नाही येता येणार."

"बघितली आणि तरी नाही आला?" सासूबाईंनी मला परत परत विचारलं. हे असं आजवर कधीच झालं नव्हतं. मग त्यांनी शेवटची वाटी पालथी घातली आणि डाळी-तांदळाचे डबे पुसायला घेतले.

दुपार झाली, पण ऊन आलंच नाही. घरात आधी पिवळा उजेड पडला, मग तांबूस, मग जुन्या फोटोत असतो तसा. सूर्याकडे सरळ बघता येत होतं. झाडांवरचे पक्षी एकदम कलकलले आणि गप्प झाले. शिंपीकाका आणि काकू शिलाई मशीन गाडीच्या मागच्या सीटवर बसवत होते. बसवत कसले, निजवत होते. काकूंनी त्याला उशी लावली होती.

"येताय ना आमच्या मागोमाग?" काकांनी विचारलं.

"हे आले की निघतोच."

त्यांनी टेकडीकडे बघितलं आणि गाडीत बसले. काकूंनी काच खाली करून भिंगरीच्या गालाला हात लावला. गाडी वळली आणि गल्लीत आमचंच घर उरलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, ऐक ना!" नवऱ्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "परत येताहेत! सगळ्याच्या सगळ्या! अंधारून आलं ना, त्यांना वाटलं संध्याकाळ झाली. रांगा लागल्यात दारांपाशी. असं कधी बघितलं नव्हतं मी."

"म्हणजे तू निघतोयस?"

"आता जाळ्या लावतो. एकदम बंद करता येत नाहीत, आत तापलं की मेणाची पोळी वितळतात. हळूहळू करतो. तुम्ही निघू नका, मी घरीच येतो. एकत्रच—"

फोन कट झाला. मी परत लावला. परत लावला. मग रेंजच्या पट्ट्याही गेल्या आणि फोनवर नुसती वेळ उरली.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या माश्या परत आल्या होत्या. पण त्या आल्या नसत्या तर कंटाळून, शिव्या घालत, हात हलवत का होईना, तो आतापर्यंत खाली आला असता. त्या आल्या म्हणून तो राहिला. आता तो एकही पेटी सोडणार नव्हता.

भोंग्याची गाडी आली ती अशा वेळी. अग्निशमनवाल्यांची लाल नव्हती, साधी जीप, वर कर्णा बांधलेला. आतला माणूस उतरून आमच्या फाटकाशी आला. तोंडाला मास्क, डोळे लाल, भुवयांवर राख.

"अजून इथेच? ताई, गल्ली रिकामी करायचीय."

"माझा नवरा वर आहे. माळावर. तो येतोय."

"इकडून?" त्याने मास्क खाली ओढला. "इकडून नका येऊ देऊ. वारं फिरलंय. आग नाल्याच्या दिशेने उतरतेय. नाला ओलांडला की पहिली तुमची गल्ली. त्यांना म्हणावं, मागच्या बाजूने खाणीच्या रस्त्याने उतरा. तो अजून मोकळा आहे. इकडे आले तर अडकतील."

"फोन लागत नाहीये."

त्याने टेकडीकडे बघितलं.

"तुमचं कोणी वर आहे का?" मी विचारलं.

"आमची माणसं नाल्याच्या बाजूला आहेत. मी निरोप देतो. नक्की देतो." त्याने नवऱ्याचा नंबर स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला, पेन घामाने नीट उमटत नव्हतं. "पण तुम्ही निघा. म्हातारं माणूस आहे घरात, लेकरू आहे. नदीपलीकडच्या शाळेत सोय केलीय. मी हा कोपऱ्यावर वळून येतो, तेवढ्यात तुमची गाडी बाहेर दिसली पाहिजे."

पिशव्या घरच्या छोट्या गाडीत टाकल्या. भिंगरीला मागे बसवून पट्टा लावला. तोंडाला ओला रुमाल बांधला तेव्हा ती म्हणाली, "मी चोर झाले." मी तिचा पापा घेतला, रुमालावरूनच. मग मला चादर आठवली आणि मी जिन्याकडे धावले.

गच्चीवर राख पडत होती. हलकी, करडी, हातावर बसली तर कळतही नव्हती. चादरीला बारीक बारीक भोकं पडली होती, कडा तपकिरी झालेल्या. कुठूनतरी काहीतरी तडतडल्याचा आवाज सारखा येत होता, लांब पोहे भाजावेत तसा. वाऱ्याने धूर क्षणभर फाकला आणि मला माळ दिसला. पेट्यांचे पांढरे ठिपके. गाडी. गाडीचं मागचं फळकूट उघडं. आणि एक ठिपका हलत होता. पेटीपासून गाडीपर्यंत, गाडीपासून पेटीपर्यंत. मी दोन्ही हात वर करून ओरडले. मला ठाऊक होतं, ऐकू जाणार नाही. धूर परत मिटला.

मी पहिला चिमटा काढला.

"काढू नकोस."

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. कशा चढल्या कोण जाणे. दारावर हात टेकून श्वास घेत होत्या, आणि प्रत्येक श्वासाला छातीत शिट्टी वाजत होती.

"आई, तुम्ही वर कशाला आलात? खाली बसा ना गाडीत."

"चादर काढू नकोस म्हटलं."

"चादर दिसली तर तो इकडे उतरेल. इकडे कोण आहे आता? आग आहे फक्त."

"आणि नाही दिसली तर?" त्या पुढे आल्या. "त्याला वाटेल, घरी सगळं ठीक आहे, बोलावणं मागे घेतलं. मग बसेल निवांत पेट्या चढवत. मी ओळखते माझ्या लेकाला."

"मीपण ओळखते. सकाळपासून दिसत होती, आता एकदम दिसली नाही, तर त्याला कळेल. आपण निघालो म्हणून कळेल. मग तो खाणीच्या रस्त्याने जाईल."

"तुला कळलं असतं." त्या थांबल्या, श्वास घेतला. "तो तुझ्यासारखा नाहीये गं. त्याला जे सांगितलं तेवढंच कळतं. त्याचा बापही तसाच होता."

मी चिमटा हातात धरून उभी राहिले. मला त्यांचं खोटं वाटत नव्हतं. मला माझंही खोटं वाटत नव्हतं.

"दुसरं काही टाकू या," त्या म्हणाल्या. "ती हिरवी दुलई टाक."

"दुलईचा अर्थ काय पण? ठरलंय का कधी काही? त्याला दोरीवर कापड दिसलं की घरी ये, एवढंच ठाऊक."

"लिही काहीतरी मोठं."

"तिथून वाचणार कोण, आई?"

इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं, की कधीतरी 'येऊ नकोस' असंही सांगावं लागेल. त्याच्यासाठी शब्दच केला नव्हता आम्ही. बोलावण्यापलीकडे या घराला काही माहीत नव्हतं.

खाली भोंगा वाजला. एकदा, मग लांबलचक. मग भिंगरीचा आवाज, "आई! आजी! गाडीवाले काका रागावलेत!"

सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. त्या कठड्याला धरून वाकल्या, ओठ निळसर झाले. पंप खाली गाडीत होता. मी त्यांची पाठ चोळली. पाठ केवढीशी होती. या बाईला मी इतकी वर्षं मोठी समजत होते.

उबळ थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि दोरीकडे बघितलं.

"इकडे आला आणि आपण नसलो, तर तो खोल्याखोल्यांतून शोधत बसेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लहानपणीही तसंच करायचा. मी दिसले नाही की पलंगाखालीसुद्धा बघायचा."

चादरीचं सुटलेलं टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

"काढ," त्या म्हणाल्या.

मी दुसरा चिमटा काढला. वाऱ्याने चादर उडालीच असती, पण त्यांनी पलीकडची दोन टोकं पकडली. आणि मग आम्ही दोघींनी जे केलं ते का केलं हे मला अजून सांगता येत नाही. आम्ही ती झटकली. राख उडाली. टोकाला टोक जुळवलं, मधला काठ पकडला, पुन्हा टोकाला टोक, रोज संध्याकाळी करतो तशी व्यवस्थित घडी घातली. घडी घालताना त्या माझ्याजवळ आल्या, टोकं माझ्या हातात दिली, आणि क्षणभर त्यांचे हात माझ्या हातांवरच राहिले.

"तू म्हणतेस तसंच समजू दे त्याला," त्या म्हणाल्या.

दोरी रिकामी झाली. मी शेवटचं वर बघितलं. धूर होता नुसता.

जिना उतरताना मी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. दाराला कुलूप लावायला गेले तर त्या म्हणाल्या, "नको. उघडंच राहू दे." मी ओढून घेतलं फक्त. भोंग्यावाला आमच्या फाटकाशी वाट बघत होता. त्याने तळहात वर करून दाखवला, म्हणजे नंबर अजून आहे, किंवा चला लवकर, किंवा दोन्ही. मी गाडी सुरू केली.

गल्ली ओळखीची वाटत नव्हती. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले, आणि त्या उजेडात राख रस्त्यावरून पळत होती. शिंपीकाकांच्या फाटकावर त्यांची मोजमापाची फीत अडकून फडफडत होती. शेजारी सासूबाई पंप तोंडात धरून बसल्या होत्या, मांडीवर चादरीची घडी, तिच्यावर दोन्ही हात. त्या मागे वळून बघत नव्हत्या. मी आरशात बघत होते. आरशात घर होतं, मग घराचा वरचा भाग, मग नुसता तपकिरी रंग.

वळणावर भिंगरी पट्ट्यात अंग पिळून मागे वळली. मागच्या काचेला नाक लावलं. मग पुढे वळून दोन सीटांच्या फटीतून बघितलं.

"आई, आजीच्या मांडीवर चादर आहे."

"हो."

"तू काढलीस?"

"आम्ही दोघींनी काढली."

"का?"

"बाबाने इकडे येऊ नये म्हणून. तो दुसऱ्या रस्त्याने येईल."

ती विचार करत होती. तिचा विचार मला ऐकू येतो, श्वास रोखते ती. सासूबाईंनी पंप खाली घेतला.

"पण आई," भिंगरीने रुमाल तोंडावरून खाली ओढला, "चादर नसली की काय करायचं, ते बाबाला माहितीय का?"